दंड झाला; न्याय झाला काय?

लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ रोजी गूगल कंपनीचे अपील फेटाळले आणि युरोपीय आयोगाने २०१७ साली ठोठावलेला सुमारे २४२ कोटी युरोंचा दंड कायम केला. न्यायाचा विजय झाला म्हणून अनेकांनी समाधान मानले. त्या समाधानात आम्हीही सहभागी आहोत; परंतु दंडाच्या आकड्याने दिपून न जाता या प्रकरणाचा कालक्रम एकदा डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे.

फाउंडेम या लहानशा ब्रिटिश कंपनीने आयोगाकडे तक्रार नेली ती २००९ साली. निरनिराळ्या दुकानांतील किमतींची तुलना ग्राहकांपुढे मांडणे हा तिचा व्यवसाय. गूगल स्वतःची अशीच सेवा शोधाच्या निकालात अग्रभागी दाखवी आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी सर्वांत वरचा देखील सरासरीने चौथ्या पानावर जाऊन पडे, असे आयोगाला आढळले. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत पंधरा वर्षे लोटली. फाउंडेमचा व्यवसाय मात्र २०१६ मध्येच बंद पडला होता. रोगी दगावल्यावर वैद्याने अचूक निदान केले, तर त्याच्या विद्वत्तेचे कौतुक कोणी करावे?

यशस्वी व्यापाऱ्याला त्याच्या यशाबद्दल शासन का, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार आहे. १९५७ च्या रोम करारापासून युरोपचे सूत्र स्पष्ट आहे : बाजारात प्रबळ होणे हा अपराध नव्हे, त्या प्राबल्याचा दुरुपयोग हा अपराध होय. पेठेत ज्याचे दुकान मोठे, त्याने ते खुशाल चालवावे. पण पेठेकडे जाणारा रस्ताही त्याच्याच ताब्यात असेल, तर शेजाऱ्याच्या दुकानाची वाट त्याने अडवता कामा नये.

युरोपने या विलंबापासून धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. डिजिटल बाजार कायद्याने मार्च २०२४ पासून बलाढ्य कंपन्यांवर आधीच बंधने घातली. त्याच कायद्याखाली एप्रिल २०२५ मध्ये ॲपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरोंचा दंड झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जकातवाढीच्या धमक्याही दिल्या. त्या धमक्यांपुढे कायदा वाकला, तर तो केवळ दुर्बलांसाठीच उरेल.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. दंडाची रक्कम सरकारी खजिन्यात जाते; बुडालेले दुकान तिने पुन्हा उघडत नाही. तक्रारदार व्यापारी तग धरून आहे तोवरच निकाल लागेल, अशी व्यवस्था ब्रुसेल्सने केली पाहिजे, आणि दिल्लीनेही.