‘इथे गाणे नाही’ म्हणणाऱ्यांना

मोहालीत चार मराठी कुटुंबे जेवायला जमली की पाने उचलली जायच्या आत सवाई गंधर्व महोत्सवाचा विषय निघतोच. रमणबागेतली थंडी, अंगावरची शाल, शेवटच्या पहाटे भीमसेनांनी केलेला समारोप. कुणी कुमारांना ऐकलेले असते, कुणी किशोरीताईंना. प्रत्येकाजवळ आपापली यादी असते आणि प्रत्येक यादीचा शेवट एकाच वाक्याने होतो: ‘इथे काय, नुसता भांगडा!’

या वाक्याला माझी हरकत आहे. ते खोटे आहे, कृतघ्न आहे आणि आळशीही आहे.

आधी खोटेपणा. जालंधरला देवी तलावाशी हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ पासून भरते. सवाई सुरू झाला १९५३ साली, म्हणजे ७८ वर्षांनी. मोहालीहून जालंधर साधारण दीडशे किलोमीटर. घराजवळचेच हवे असेल तर चंडीगडचे प्राचीन कला केंद्र १९५६ पासून काम करते आहे, मोहालीतही त्याची वास्तू आहे. ते भास्करराव नृत्य-संगीत संमेलन भरवते, शिवाय मासिक बैठकी घेते. डिसेंबर २०२४ मध्ये सेक्टर ३४ च्या मैदानावर करण औजला आणि दिलजीत दोसांझ यांचे कार्यक्रम झाले आणि आवाजाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे खरे. पण विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवरून कुणी पुण्याची अभिरुची मोजत नाही. मग पंजाबलाच हे माप का?

आता कृतघ्नता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, लाहोरला, ५ मे १९०१ रोजी. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर वयाच्या चौदाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या मंचावर बसले ते हरिवल्लभमध्ये. वसंतराव देशपांडे शिकायला लाहोरला गेले होते. आणि ज्यांच्या नावाने आपण सवाईची आठवण काढतो ते भीमसेन? गुरूच्या शोधात घर सोडलेला हा मुलगा जालंधरला पोहोचला. तिथे तो मंगतरामांकडे शिकला, हरिवल्लभमध्ये गवयांच्या मागे तानपुऱ्यावर बसला. तिथेच विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले की घराजवळ सवाई गंधर्व असताना इतक्या लांब कशाला, त्यांच्याकडे जा. पुण्याच्या महोत्सवाची वाट अशी जालंधरवरून गेलेली आहे. त्या वाटेवर राहून ‘इथे गाणे नाही’ म्हणायला बरेच काही विसरावे लागते.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते: ‘गाणे असेल हो, पण पुण्यासारखा श्रोता नाही.’ यात तथ्य आहे. नाट्यगीताच्या पहिल्या ओळीला मिळणारी दाद इथे मिळणार नाही. जागा कळून मान डोलावणारी माणसेही इथे कमी दिसतील. पण पुण्याचा श्रोता आकाशातून पडला नाही. वर्षानुवर्षे सतरंजीवर बसून, न कळणारे ऐकून, शेजारच्याला राग विचारून तो तयार झाला. श्रोता बसल्यानेच होतो. ज्याला समज आहे तोच घरी बसला, तर सभागृहात समज येणार कुठून?

आळस इथे दिसतो. जुनी मैफल आठवायला काही लागत नाही. नवी ऐकायला उठून जावे लागते, कंटाळवाणा ख्यालही सोसावा लागतो, आणि ज्याचे नाव अजून झालेले नाही अशा गायकापुढे बसावे लागते. निम्म्या रिकाम्या खुर्च्यांसमोर एखादी पंचविशीतली मुलगी मालकंस मांडत असते, तेव्हा चार सेक्टर पलीकडे आपण यूट्यूबवर भीमसेन लावून मुलांना सांगत असतो, ‘असे गाणे आता होत नाही.’ मुले त्यातून एवढेच शिकतात की गाणे ही आईबाबांच्या गावाला, त्यांच्या तरुणपणी घडून गेलेली गोष्ट आहे. तेव्हा पुढे ती मैफलीला गेली नाहीत तर दोष पंजाबला देऊ नये.

डिसेंबरात सवाईसाठी पुण्याचे विमान पकडणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. जरूर जावे. पण हरिवल्लभ त्याच महिन्याच्या अखेरीला असते. मंडळ गणपतीत मराठी गाण्यांचा कार्यक्रम ठेवते, सहलीची बस काढते. एक बस जालंधरलाही निघू शकते. मुलांना बरोबर न्यावे, थंडी कडक असते म्हणून शाली घ्याव्यात. परत आल्यावर गाणे आवडले नाही असे सांगितले तर मी वाद घालणार नाही. न जाता सांगितलेले मात्र यापुढे ऐकून घेणार नाही.