हुकूम कोणाचा, आणि गोळा कोणाचा?

एनडीएचा फॉर्म भरलाय? की अग्निवीरसाठी पहाटे पाचला ग्राऊंडवर धावताय? मग ‘थिएटर कमांड’ हा शब्द तुम्ही ऐकलेलाच असणार. ‘तिन्ही दलांना एका कमांडरखाली आणणे’ ही व्याख्या पाठही असेल. पण या एका ओळीवरून दिल्लीत गेली पाच-सहा वर्षं वाद चालू आहे, आणि वाद घालणारी माणसं काही अडाणी नाहीत. तुम्ही वर्दी चढवाल तेव्हा तुम्हाला हुकूम देणारा साहेब कदाचित तुमच्या दलाचा नसेलच. म्हणून हे भांडण नेमकं कशावरून आहे, ते बघू.

आधी घरचं उदाहरण. आपल्या शेंदूरजनाघाटात संत्र्याचा तोडा सुरू झाला की बाग एकाची, माल दुसऱ्या व्यापाऱ्याचा, तोडणारी टोळी तिसऱ्याची आणि ट्रक चौथ्याचा. चौघांचं फोनवर जमलं तर माल वेळेत बाजारात. नाही जमलं तर कॅरेट भरून पडलेले आणि ट्रकचा पत्ता नाही. चौघांपैकी कोणीच कोणाचा नोकर नाही, त्यामुळे दम तरी कोण कोणाला देणार?

भारताच्या सैन्याचा नकाशा बराचसा असाच आहे. लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३, मिळून १७ कमांड. प्रत्येकीची हद्द वेगळी, मुख्यालय वेगळं. राजस्थान-गुजरातच्या सीमेवर लढणाऱ्या लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात. त्याच भागावर विमानं पाठवणारी हवाई दलाची कमांड गांधीनगरला, आणि समुद्राची बाजू सांभाळणारी नौदलाची कमांड मुंबईत. पूर्वेला गेलात तर कोलकाता, शिलाँग, विशाखापट्टणम. लढाई एक, शहरं तीन, साहेब तीन. मंग हुकूम कोनाचा?

याची किंमत आपण मोजलेली आहे. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग परवानगी मागायला आले आणि चव्हाणांनी फार वेळ न घेता ती दिली. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. राजकीय निर्णय चटकन झाला, पण खाली जमिनीवरचा रणगाडा आपला की त्यांचा हे वैमानिकाला सांगणारी घडी नीट बसलेली नव्हती. त्या दिवशी चार व्हॅम्पायर विमानं गेली आणि आपल्याच काही तुकड्यांवरही मारा झाला. १९९९ ला कारगिलमध्ये पुन्हा तेच दुखणं. घुसखोरी मेच्या सुरुवातीला लक्षात आली, लष्कराला हेलिकॉप्टरं हवी होती, हवाई दल म्हणालं आधी सरकारची मंजुरी आणा. हवाई हल्ले सुरू व्हायला २६ मे उजाडला. त्यानंतरच्या चौकशीतून तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची सूचना पुढे आली. तो प्रमुख, म्हणजे सीडीएस, प्रत्यक्षात आला १ जानेवारी २०२० ला. वीस वर्षांनी!

बाहेर हे कसं करतात? अमेरिकेच्या मरीन कोअरची रचना समजायला सोपी आहे. तुकडी लहान असो की मोठी, तिचे चार भाग ठरलेले: हुकूम देणारं मुख्यालय, जमिनीवर लढणारे, विमानं-हेलिकॉप्टरं, आणि रसद. साधारण २२०० जणांची तुकडी जहाजावर असते आणि या चारही गोष्टी सोबत घेऊनच फिरते. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुख उपेंद्र द्विवेदी यांनी द्रासला ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली, तिच्यामागचा विचारही काहीसा असाच: पायदळ, रणगाडे, तोफखाना, ड्रोन आणि त्यांची रसद एकाच ब्रिगेडमध्ये. पण ही ब्रिगेड लष्कराची. लढाऊ विमान अजूनही शेजारच्या दलाकडूनच मागायचं.

तिन्ही दलं एका साहेबाखाली असण्याचा प्रयोग आपल्याकडे २००१ पासून अंदमान-निकोबारला आहे. नागपूरचे मनोज पांडे लष्करप्रमुख होण्याआधी, २०२०-२१ मध्ये, हीच कमांड सांभाळत होते. अशा कमांडची एक मोठी अडचण होती. लष्कराचा कमांडर नौसैनिकाला काम सांगू शकायचा, पण त्याने शिस्त मोडली तर कारवाई नौदलानेच करायची. २०२३ मध्ये संसदेने यावर कायदा केला आणि तो १० मे २०२४ पासून लागू झाला. म्हणजे साहेब परक्या वर्दीतला असला तरी शिक्षा करण्याचा अधिकार आता त्याला आहे. एनडीएवाल्यांनो, इंटरव्ह्यूसाठी हे लक्षात ठेवा.

मग घोडं अडलं कुठे? हवाई दलापाशी. ऑगस्ट २०२५ मध्ये महूच्या परिषदेत हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी उघडच सांगितलं की घाई नको, दुसऱ्या देशाची नक्कल नको. त्यांच्या आधीचे प्रमुख, आपल्या नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी, यांनीही रचनेबद्दल शंका मांडल्या होत्या. याला ‘खुर्चीचं भांडण’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण आकडे बघा. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. राफेलच्या स्क्वाड्रन फक्त दोन, एक अंबाल्याला आणि एक बंगालमध्ये हाशिमाराला. त्या दोन कमांडरांच्या नावावर कायमच्या लिहून दिल्या, तर पश्चिमेला पेटल्यावर पूर्वेची स्क्वाड्रन सोडायला तिथला कमांडर किती वेळ घेईल? रणगाडे रेल्वेने न्यावे लागतात, विमान काही तासांत देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचतं. ते वाटून टाकलं की त्याचा हा गुणच जातो. मला ही शंका खरी वाटते.

रसदीबाबत मात्र एवढा मोठा अडथळा नाही, आणि नेमक्या याच विषयावर टीव्हीवर कोणी चर्चा करत नाही. ही बाजू तर आपल्या विदर्भात बसलेली आहे. विमानांची दुरुस्ती आणि सुटे भाग बघणाऱ्या हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे. तोफगोळ्यांची कवचं अंबाझरीला, स्फोटकं भंडाऱ्याला, गोळे भरण्याचं काम भद्रावतीजवळच्या चांदा फॅक्टरीत, आणि साठा पुलगावच्या डेपोत, जो देशातला सर्वांत मोठा दारूगोळा डेपो आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली, तेव्हा डझनाहून जास्त जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. सीमेपासून शेकडो किलोमीटरवर.

गोळी, डिझेल, डाळ-तांदूळ, भाड्याचे ट्रक हे तिन्ही दलांना लागतं. म्हणून २०२१ मध्ये गुवाहाटी, पोर्ट ब्लेअर आणि मुंबई इथे तिन्ही दलांची संयुक्त रसद केंद्रं सुरू झाली. माझं मत विचाराल तर एकत्रीकरणाची खरी सुरुवात इथूनच वाढवायला हवी. विमानाचा मालक कोण यावर प्रमुखांना आणखी वर्षभर भांडू द्या, पण डिझेलचा टँकर कोणाच्या हिशेबात हा प्रश्न तोवर का ताटकळावा?

साठा मोजणाऱ्या संगणक प्रणालीही तिन्ही दलांच्या वेगवेगळ्या आहेत आणि त्या एकमेकींशी जोडण्याचं काम चालू आहे. तेव्हा धावण्यात कच्चे असलेल्या बीसीए, बीकॉमवाल्यांनीही या विषयावर लक्ष ठेवायला हरकत नाही.