झलक आणि पारख

हल्लीच्या विद्यार्थ्यांस चित्रपटाची पहिली ओळख चित्रपटगृहात होत नसून हातातील मोबाइलवर होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच त्याची अडीच मिनिटांची झलक, जिला ‘ट्रेलर’ म्हणतात, ती घरोघर पोहोचते. आणि मधल्या सुटीत वर्गावर्गांतून निकालही लागतो की, अमुक चित्रपट पाहण्याजोगा व अमुक टाकाऊ. गाजावाजाच्या मोठ्या चित्रपटांचे या निकालाने फारसे बिघडत नाही. परंतु जे चित्रपट थोड्या भांडवलावर, नामांकित नटांवाचून व मोठ्या कंपनीच्या पाठबळावाचून तयार होतात, आणि ज्या परदेशी चित्रपटांची भाषाच आपणांस परकी असते, त्यांचे भवितव्य पुष्कळदा या अडीच मिनिटांवरच ठरते. म्हणून ही झलक कशी पाहावी व तिच्यावर कितपत भिस्त ठेवावी, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘ट्रेलर’ या शब्दाचा अर्थ मागून ओढत येणारा असा आहे. प्रारंभी ही झलक मुख्य चित्र संपल्यावर दाखवीत. परंतु चित्र संपताच प्रेक्षक उठून जाऊ लागले, तेव्हा ती आधी दाखविण्याचा प्रघात पडला. नाव मात्र जुनेच राहिले. अमेरिकेत या प्रकारास १९१३ साली आरंभ झाला असे मानतात. त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. फाळक्यांस चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली ती ख्रिस्तचरित्रावरील एक परदेशी चित्रपट मुंबईत पाहून, हे आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी विशेषेकरून ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परक्या देशाचे चित्र मन मोकळे ठेवून पाहिल्याने आपल्या देशाची एक कलाच जन्मास आली.

आता झलक व चित्र यांचे नाते काय, या प्रश्नाचा खल तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झालेला आहे. २०१६ साली ‘फॅन’ या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत एक गाणे पुनःपुन्हा दाखविले गेले. ते पाहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील एक शिक्षिका कुटुंबासह चित्रपटास गेल्या, तो चित्रपटात ते गाणेच नाही! त्यांनी ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र दहा हजार रुपये भरपाई व पाच हजार रुपये खर्च देवविला, व राष्ट्रीय आयोगानेही तो निर्णय कायम केला. शेवटी २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. झलक ही प्रेक्षकाने तिकीट घ्यावे म्हणून केलेली एकतर्फी जाहिरात असून ती करार नव्हे, हा त्या निर्णयाचा सारांश होय. त्या भगिनींचा दावा टिकला नाही. तथापि त्यांनी प्रश्न विचारला, हे शिक्षकास शोभणारेच झाले. निर्णयाचा आपणांसाठी अर्थ एवढाच की, पारख करण्याची जबाबदारी आता आपल्या शिरावर आहे.

ही पारख आपण कशी करतो, हे पाहण्यासाठी आमच्या मते एका चित्रपटाचेच उदाहरण पुरे आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा मराठी चित्रपट वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावी चित्रित झाला. त्यात काम करणारी माणसे धंदेवाईक नट नसून तिकडच्या गावांतीलच आहेत. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची सविता नावाची मुलगी शिकू पाहते, आणि पाहुणे मात्र तिला पाहावयास येतात. तीच बैठक, तेच चहापोहे, तेच प्रश्न. नाव, उंची, शिक्षण, आवड. आणि मग रंगावरून वा उंचीवरून नकार. २०२३ च्या सप्टेंबरात हा चित्रपट कॅनडातील टोरोंटो येथील महोत्सवात दाखविला गेला व तेथे त्यास नेटपॅक पारितोषिक मिळाले. आपल्याकडील चित्रपटगृहांत तो आला ७ मार्च २०२५ रोजी. म्हणजे आपल्याच बोलीतील आपलेच घर सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्याआधी दीड वर्ष पाहिले.

या चित्रपटात ज्या चालीवर बोट ठेवले आहे, ती चाल आणि झलक पाहून चित्रपटाचा निकाल लावण्याची आपली सवय, या दोहोंत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोन्हीकडे काही मिनिटांत वरवरचे रूप पाहावयाचे, आणि जे दिसले नाही ते नाहीच असे धरून चालावयाचे. मुलीच्या बाबतीत हा अन्याय घोर आहे व चित्रपटाच्या बाबतीत सौम्य, हे उघड आहे; पण सवय एकच, आणि लहान गोष्टीत लागलेली सवय मोठ्या गोष्टीत सुटत नाही. इशायाच्या पुत्रांपैकी राजा निवडण्यास गेलेला शमुवेल संदेष्टासुद्धा थोरल्या अलीयाबाची उंची पाहून क्षणभर भुलला. निवड झाली ती मेंढरे राखावयास गेलेल्या धाकट्याची, ज्याला घरच्यांनी पंक्तीत आणलेदेखील नव्हते. स्वतंत्र चित्रपट हा पुष्कळदा असा रानात राहिलेला दावीद असतो.

कोणी म्हणेल, “तिकिटास पैसे एकाच चित्रपटापुरते असतात, झलक पाहून ठरवू नये, तर ठरवावे तरी कशाने?” हा आक्षेप रास्त आहे. झलक पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. ती वाचावयास शिकावे, एवढेच आहे. झलक बहुधा दिग्दर्शक जोडीत नाही. विक्रीची दृष्टी असलेले निराळे कारागीर जोडतात. संथ चित्रपटातील धावपळीचे चार तुकडे एकत्र केले म्हणजे तो वेगवान भासतो. झलकेतील संगीत चित्रपटात असेलच असे नाही. परदेशी चित्रपटांच्या इंग्रजी मुलखातील झलकांतून तर संवाद बुद्ध्याच गाळतात, कारण खाली अक्षरे वाचावी लागणार हे कळताच प्रेक्षक बिचकतो. पडद्याच्या कडेला पानांच्या डहाळ्यांत महोत्सवांची नावे झळकतात. तेथे ‘निवड’ लिहिले आहे की ‘पारितोषिक’, हे नीट पाहावे, कारण दोहोंत पुष्कळ अंतर आहे. नंतर स्वतःस तीन प्रश्न विचारावे: दिग्दर्शक कोण व त्याने पूर्वी काय केले आहे? कथा कोणत्या मुलखाची, व तेथील माणसे तिच्यात खरी दिसतात काय? झलकेने आपणांस उत्तर दिले आहे, की प्रश्न दिला आहे? प्रश्न देणारी झलक बहुधा चांगल्या चित्रपटाची असते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या जिल्ह्यास या गोष्टीचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. बाहेरच्या जगास यवतमाळ ठाऊक आहे ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्तांवरून. त्या वार्ता खोट्या नाहीत. पण त्या आमच्या जिल्ह्याची झलक आहेत, संपूर्ण चित्र नव्हे. २००९ साली सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. विदर्भातील एका गावी शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर, आपला धनीही तसेच काही करील या भीतीने एक स्त्री त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवते, त्याच्या आवडीचे रांधते, पोरालाही त्याच्या मागे धाडते. त्यात दुःख आहे तसे हसूही आहे. वर्तमानपत्राच्या दोन ओळींत हे मावत नाही. दोन तासांच्या चित्रपटात मावते. ज्यांस स्वतःला कोणी झलकेवरून जोखू नये असे वाटते, त्यांनी दुसऱ्यास झलकेवरून जोखू नये, हा साधा न्याय होय. इराणातील पोर वा जपानातील म्हातारा पडद्यावर येईल, तेव्हा तोही अशाच कोणत्यातरी यवतमाळचा आहे, हे विसरू नये.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आमची सूचना अशी. येत्या वर्षी ज्या एका लहान वा परदेशी चित्रपटाची झलक तुमच्या मनात घर करील, त्याचे नाव वहीत टिपून ठेवा व झलकेवरून काय वाटले ते पाच ओळींत लिहा. तो आपल्या गावी वा जवळच्या शहरी आला, तर पहिल्याच आठवड्यात वडीलधाऱ्यांसह जा. कारण शुक्रवार ते रविवार खुर्च्या रिकाम्या राहिल्या की सोमवारी अशा चित्रपटाचा खेळ उतरविला जातो. जाण्यापूर्वी त्याचे प्रमाणपत्र अवश्य पाहा. २०२४ पासून त्यावर सात, तेरा व सोळा अशा वयाच्या पायऱ्या दिलेल्या असतात. पाहून आल्यावर आणखी पाच ओळी लिहा, आणि दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. त्या दोहोंतील अंतर हेच तुमचे शिक्षण होय. अशा वह्या वर्गात आल्या, तर शिक्षकांनी त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांइतक्याच आस्थेने वाचाव्यात, अशी आमची आमच्या सहकाऱ्यांसही नम्र विनंती आहे.