पेटीचा रंग का उडाला?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या मुलीने वसतिगृहातून फोनवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात तिची पेटी होती. झाकणावरून हिरव्या रंगाचा वीतभर पापुद्रा सुटून लोंबत होता. खाली लिहिलं होतं, ‘अम्मी, पेटी कात टाकतेय.’ दुसऱ्या फोटोत तिच्या मैत्रिणीचा पांढरा एप्रन होता आणि त्यावर तांबडे-हिरवे कण चिकटले होते. दोघी नर्सिंगला आहेत. एप्रन पांढराच लागतो.

ती पेटी आमच्या घरी झाली होती. माझे सासरे, अब्बा, यांनी चाळीस वर्षं बाजारपेठेत पत्र्याच्या पेट्या केल्या. काचबिंदूने नजर गेली तसं दुकान बंद झालं, पण हत्यारं त्यांनी विकू दिली नाहीत. नात शिकायला बाहेर निघाली तेव्हा ते म्हणाले, ‘विकतची पेटी नको.’ मग नववीतल्या नातवाला समोर बसवून, हाताने चाचपत, त्यांनी पत्रा कापून घेतला, वाकवून घेतला, रिव्हेट मारून घेतले. रंगाचं काम मी मागून घेतलं. मे महिन्याची सुट्टी होती.

रंगाच्या आधी अब्बांनी विचारलं होतं, ‘पत्रा धुतलास का? आणि प्रायमर कुठला आणलास?’

मी म्हटलं, ‘हो अब्बा, पुसलाय. रेड ऑक्साइड आणलाय.’ ते आणखी काही सांगणार होते, पण मी ब्रश हातात घेतला होता. शाळेत मुलांना ‘आधी पूर्ण ऐकून घ्या’ असं रोज सांगणारी मी, घरात ऐकलं नाही. पत्रा कोरड्या फडक्याने पुसला, त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि हिरव्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. पेटी इतकी चकचकीत दिसली की शेजारच्या खालांनी आपली जुनी पेटीही रंगवून मागितली.

फोटो आले तेव्हा मी अब्बांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘रंग पत्र्याला धरलाच नव्हता, बेटा. वर नुसता बसला होता.’

दिवाळीच्या सुट्टीत पेटी परत आणली आणि या वेळी ते सांगतील तसं केलं. घरात पत्र्याचं काही करणाऱ्या वाचक बंधू-भगिनींसाठी या महिन्यात तेच लिहिते. पेटी असो, कपाट असो, कुंडीचा स्टँड असो, नियम एकच आहेत.

आधी पत्रा ओळखा

दुकानात सगळ्यालाच ‘पत्रा’ म्हणतात, पण घरगुती कामात मुख्यतः दोन प्रकार येतात. एक जी.आय. पत्रा, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर दिलेला. तो रुपेरी दिसतो आणि बऱ्याचदा त्यावर फुलांसारखी नक्षी असते. दुसरा सी.आर. पत्रा, म्हणजे उघडं लोखंड. तो करडा, गुळगुळीत आणि हाताला तेलकट लागतो. लोहचुंबक दोघांनाही चिकटतं, म्हणून चुंबकाने फरक कळत नाही. घेतानाच दुकानदाराला विचारून घ्या.

माझी चूक इथेच झाली होती. आमची पेटी जी.आय.ची होती. साधा रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट थेट नव्या जस्तावर टिकत नाही. या रंगात तेलापासून बनवलेली राळ असते. जस्त आणि दमट हवा यांची तिच्याशी हळूहळू प्रक्रिया होते आणि रंगाच्या खाली एक प्रकारचा साबण तयार होतो. साबणावर काय टिकणार? पहिले काही आठवडे सगळं छान दिसतं, मग पावसाळी हवेत रंग पापुद्र्यांनी सुटतो. जुने कारागीर नवा जी.आय. पत्रा काही महिने उन्हापावसात ठेवून मगच रंगवायचे, ते याचसाठी. आता जस्तासाठी वेगळे प्रायमर मिळतात. दुकानात ‘जी.आय.साठीचा प्रायमर’ किंवा ‘वॉश प्रायमर’ असं स्पष्ट सांगून मागा आणि डब्यावर तसं लिहिलेलं वाचून घ्या. वॉश प्रायमरमध्ये आम्ल असतं, म्हणून हातमोजे हवेतच. त्याचा थर अगदी पातळ द्यायचा असतो.

रेड ऑक्साइड वाईट नाही. त्याची जागा उघड्या लोखंडावर आहे.

तेल काढणं हेच अर्धं काम

सी.आर. पत्र्याला कारखान्यातच तेल लावतात, नाहीतर तो वाटेतच गंजेल. हे तेल डोळ्यांना फारसं दिसत नाही. कोरड्या फडक्याने ते निघत नाही, फक्त पसरतं.

आधी भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने पत्रा धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा आणि लगेच कोरडा करा. मग दोन स्वच्छ सुती फडकी घ्या. एक थिनरमध्ये भिजवून पुसा आणि ओलावा उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. थिनर जागच्या जागी वाळू दिलं तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. फडकं सारखं बदलत राहा. या कामाला टर्पेंटाइनपेक्षा एन.सी. थिनर बरं, कारण टर्पेंटाइन मागे थोडा तेलकटपणा सोडतं.

तेल निघालं की नाही, हे पाहायची अब्बांची रीत सोपी आहे. पत्र्यावर पाणी शिंपडायचं. पाणी एकसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर तेल अजून आहे. पाहून झालं की लगेच पुसून कोरडं करा.

घासणं त्यानंतर. हा क्रम उलटा केला तर पॉलिश पेपर तेलाला ओरखड्यांत दाबून बसवतो. सी.आर. पत्र्याला १२० किंवा १८० नंबरचा पेपर चालतो. गंज असेल तर आधी तारेचा ब्रश. जी.आय. पत्र्याला मात्र हलक्या हाताने, ३२० नंबरने किंवा भांड्यांच्या हिरव्या घासणीने फक्त चमक मोडायची. जोर लावला तर जस्तच निघून जाईल. घासून झालं की धूळ झटका आणि थिनरचं फडकं पुन्हा एकदा फिरवा.

आता पत्र्याला उघडा हात लावू नका. माझ्या मुलाने स्वतःच्या हौसेने सी.आर. पत्र्याचं पुस्तकांचं कपाट केलं, उत्तम घासलं आणि ‘उद्या रंगवतो’ म्हणून पडवीत ठेवलं. जुलै महिना होता. सकाळी त्यावर त्याच्याच पाच बोटांचे तांबूस ठसे उमटले होते. घामातल्या मिठाने रातोरात गंज चढवला. उर्दूत गंजाला ‘ज़ंग’ म्हणतात आणि लढाईला ‘जंग’. माझ्या वर्गातली मुलं दोन्ही सारखंच उच्चारतात आणि मी टोकत असते. त्या सकाळी मुलगा वैतागून ‘अम्मी, जंग!’ ओरडला तेव्हा मात्र मी टोकलं नाही. सगळं पुन्हा घासावं लागलं. तेव्हापासून आमचा नियम ठरला: ज्या दिवशी घासणं, त्याच दिवशी प्रायमर.

कडा आणि हवा

कापलेल्या पत्र्याची कड धारदार असते. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर सर्वांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच शिरतो. म्हणून कानशीने कड बोथट करा. हात कापण्याची भीतीही जाते. जी.आय. पत्र्याच्या कापलेल्या कडेवर आतलं लोखंड उघडं पडतं, तिथे जास्तच जपा. प्रायमर लावताना आधी लहान ब्रशने कडा, घड्या, सांधे आणि रिव्हेटची डोकी भरून घ्या, मग मोठ्या भागाला हात द्या.

जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर केव्हाही चांगले. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. थर जाड झाला की वर साय धरते आणि आत ओलं राहतं. रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंटच्या दोन थरांत एक रात्र जाऊ द्या. वॉश प्रायमरचा वेळ वेगळा असतो, तो डब्यावर पाहा. खड्डे भरायची पुट्टी प्रायमरच्या वर लावा, उघड्या पत्र्यावर नाही.

आपल्या कोकणात वेळ पाहणं फार महत्त्वाचं. रात्रभर गार झालेल्या पत्र्यावर सकाळी दव धरतं आणि ते न दिसताही असतं. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम टाळावं. फोनवर हा आकडा दिसतो. ऊन वर आल्यावर सुरू करा, संध्याकाळच्या आधी आटपा. मात्र कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावरही ब्रश फिरवू नका, रंग ओढला जातो.

जपायच्या गोष्टी

थिनरची वाफ चटकन पेट घेते. काम अंगणात किंवा उघड्या पडवीत करा, जवळपास चूल, गॅस, विडी-सिगारेट काही नको. ऑइल पेंटची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा. जी.आय. पत्र्याला घरी वेल्डिंग करू नका, जळत्या जस्ताच्या धुराने ताप भरतो.

जुनी पेटी खरवडणार असाल तर आणखी सावध राहा. पूर्वी लोखंडाच्या पहिल्या हाताला शेंदूर वापरत, आणि शेंदरात शिसं असतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नको, हा आपल्या देशातला नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. तो कोरडा घासू नका, पाणी मारून ओला घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, आणि लहान मुलं व गरोदर बाई यांना तिथून दूर ठेवा. शेजारच्या खालांची आजीच्या वेळची पेटी मी याच कारणाने खरवडली नाही. ओल्या फडक्याने पुसून तशीच परत दिली. त्या थोड्या नाराज झाल्या. आणि धान्य किंवा पीठ ठेवायच्या कोठीला आतून रंग देऊच नका.

दिवाळीत पेटीचा सगळा रंग काढायला आम्हाला तीन दिवस लागले, चढवायला तेवढेच. त्याआधी उरलेल्या तुकड्यावर तोच प्रायमर आणि तोच रंग लावून पाहिला होता. आठ दिवसांनी त्यावर ब्लेडने फुलीच्या रेघा मारल्या, चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्याने ओढली. पट्टी कोरीच निघाली. अब्बांना तुकडा हातात दिला. त्यांनी रेघांवरून नख फिरवलं, मग कड चाचपली. ‘आता धरलाय,’ एवढंच म्हणाले.

यंदाचा पावसाळा सरत आला आहे. परवा मुलीचा फोन आला तेव्हा अब्बांनी आधी पेटीची चौकशी केली. झाकण शाबूत आहे, कडीपाशी एका रिव्हेटभोवती तांबूस डाग दिसतोय, असं ती म्हणाली. अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘रिव्हेटच्या मागून ब्रश फिरवला नसशील.’

नव्हताच फिरवला. मैत्रिणीला नवा एप्रन मी गेल्या वर्षीच घेऊन दिला. रिव्हेट या दिवाळीत.