ग्रीस म्हणजे आखात नव्हे

आखाताच्या कमाईवर रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरे उभी राहिली, मुलींची लग्ने झाली, दुकाने निघाली. त्यामुळे परदेश म्हटला की आमच्या कारागीर बंधूंच्या डोळ्यांसमोर दुबई, दोहा, कुवेतच येते. आता ग्रीसचेही नाव निघते. शेती, बांधकाम आणि पर्यटन या तिन्ही धंद्यांना तिथे माणसे कमी पडतात, हे खरे आहे. पण आखाताला जाण्याची आपली जुनी रीत, म्हणजे पासपोर्ट काढा, एजंटाला पैसे द्या आणि बाकीचे तिथे गेल्यावर बघू, ती ग्रीसला लागू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आखातात हिंदी-उर्दूवर निभावून जाते. बाजारात, साइटवर, खोलीवर आपलीच माणसे भेटतात. ग्रीसमध्ये इंग्रजी पर्यटकांच्या गावात चालते. शेतावर आणि सरकारी खिडकीवर चालेलच असे नाही. लिपी वेगळी, २४ अक्षरांची. सरकारी कागद आणि मालकाशी होणारे व्यवहार ग्रीकमध्ये. ज्याला वाचता येत नाही त्याला आपण कशावर सही करतो हे कळत नाही, आणि मग मालकाची मर्जी हाच त्याचा कायदा होतो.

हे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. मानोलादा येथील स्ट्रॉबेरीच्या शेतांवर बांगलादेशी मजूर राबत होते. त्यांच्याकडे कामाचे परवाने नव्हते, राहायला झोपड्या होत्या आणि मजुरी महिनोन्‌महिने थकलेली होती. १७ एप्रिल २०१३ रोजी ती मागायला गेलेल्या मजुरांवर पहारेकऱ्याने गोळ्या झाडल्या. सुमारे ३० जण जखमी झाले. पुढे २०१७ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. न्याय मिळाला, पण चार वर्षांनी. आणि जून २०२३ मध्ये पायलोसजवळ बुडालेल्या बोटीत शेकडो जीव गेले, त्यांत पाकिस्तानातले तरुण मोठ्या संख्येने होते. चोरवाटेने जाण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याने या बोटीची आठवण ठेवावी.

तरीही हा देश आपल्याला अगदी परका नाही. उर्दूत त्यालाच युनान म्हणतात. आपल्या हकिमांची युनानी दवा तिथल्या वैद्यांच्या विद्येवर उभी राहिली. दिरहम हे नाव ग्रीकांच्या जुन्या द्राख्मा नाण्यावरून आले. बाजारातले शब्दही ओळखीचे वाटतात: बाजाराला पझारी, साबणाला सापूनी. आपल्यासारखाच तू आणि तुम्ही हा भेद तिथेही आहे; वडीलधाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला अहो-जाहोच करावे लागते. नवे दुकान उघडले की शेजारी येऊन 'कालेस दुल्येस' म्हणतात, म्हणजे धंदा चांगला चालो. ज्याला ही भाषा मोडकीतोडकी का होईना येते, त्याला हे लोक आपला समजायला वेळ लावत नाहीत.

पण अडखळायच्या जागाही आहेत. कोकणात 'नाय' म्हणजे नाही. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय, आणि नकाराला 'ओही'. मालकाने "कमी पगारावर चालेल का?" असे विचारले आणि आपण सवयीने 'नाय' म्हटले, तर सौदा तिथेच फसला. तोंडाने न बोलता फक्त मान वर उचलली तरी तो नकार असतो. पाच रुपये दाखवताना आपण पंजा उघडून समोरच्यापुढे धरतो; तिथे ती शिवी आहे. कॉफी तीच असली तरी तिला तुर्की कॉफी म्हणू नये. लहान दुकाने दुपारी बंद होतात, काही दिवस संध्याकाळी उघडतच नाहीत. रविवारी बाजार बंद. ऑगस्टच्या मध्यावर अर्धे अथेन्स गावाला गेलेले असते. माल देण्याचे वायदे हे धरूनच करावेत.

दीनाच्या बाबतीतही आधीच माहिती असलेली बरी. सुवलाकी नावाचा कबाब बहुधा डुकराच्या मांसाचा असतो. 'हिरिनो' हा शब्द पाठ करून ठेवावा. हलाल मांस अथेन्सच्या ओमोनिया भागात मिळते. त्यांच्या ईस्टरपूर्वीच्या उपवासात मांस आणि दूध वर्ज्य असते, त्या दिवसांत डाळी-भाज्यांचे पदार्थ सर्वत्र मिळतात. थ्रेस प्रांतात कोमोतिनी आणि झांथी येथे मुसलमानांची जुनी वस्ती आहे. अथेन्समध्ये मात्र सरकारी मशीद नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली. शुक्रवार हा कामाचा दिवस. जुम्याच्या सुट्टीचे मालकाशी आधीच बोलून घ्यावे.

आता कागदांचे. ग्रीस आपल्या ईसीआर यादीतल्या १८ देशांत नाही, म्हणून आखातासाठी होते ती सरकारी छाननी इथे होत नाही. ती आपणच करायची. एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना आहे का ते पाहावे. त्याने घ्यायची फी कायद्याने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच आहे. लाखांची मागणी झाली तर तिथेच उठावे. मालकाचे नाव, गाव, पगार, राहण्याची सोय हे सर्व कागदावर घ्यावे आणि त्याचे भाषांतर दुसऱ्याकडून करून घ्यावे. तिथे पोहोचल्यावर कराचा आणि विम्याचा क्रमांक मिळवावा, कारण परवान्याचे नूतनीकरण मालकाने विमा भरला आहे की नाही यावरही ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये ग्रीक संसदेने कागद नसलेल्या कामगारांना परवाना देणारा कायदा केला, पण तो तिथे आधीच तीन वर्षे राहिलेल्यांसाठी होता. "एकदा पोहोचा, मग कागद होतील" असे कोणी सांगत असेल तर तो फसवत आहे.

काही बंधू म्हणतात, पोट भरायला भाषा कशाला? सुतार-गवंड्याचा हातच त्याची भाषा. हात काम मिळवून देतो हे आम्हांला मान्य आहे. पण केलेल्या कामाची मजुरी वसूल करायला जीभ लागते. कायमच्या वास्तव्यासाठीही तिथे पाच वर्षे काढून ग्रीक भाषा येत असल्याचे दाखवावे लागते. मग ती आजच का शिकू नये? अक्षरे मोबाईलवर फुकट शिकता येतात. रोज दुकान बंद केल्यावर एक तास असे सहा महिने दिले, तर पाटी आणि पगाराची पावती वाचण्यापुरती भाषा येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: घरातल्या बायकांचे दागिने गहाण टाकण्याआधी, चालते दुकान विकण्याआधी हे सहा महिने द्या. जमातीकडे कोणी परदेशी जाण्यासाठी कर्जे-हसना मागायला आला, तर जबाबदार मंडळींनीही त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: करार कुठे आहे, आणि त्यातले तुला काय वाचता येते? उत्तर मिळाले तर खुशाल पैसे द्यावेत. नाही मिळाले तर त्याला थांबवावे. त्यात त्याचेच भले आहे.