समुद्राचा हिशेब उघडा, मग गावच्या पावसाचा का नको?

मृग लागला की आपण आभाळाकडे बघतो. पण पावसाची जुळवाजुळव आधी समुद्रात होते. प्रशांत महासागराचे पाणी तापले, म्हणजे ‘एल निनो’ आला, की आपल्याकडे पाऊस ओढ देण्याचा धोका वाढतो.

हे पाणी मोजण्यासाठी १९९९ पासून अनेक देशांनी मिळून समुद्रात ‘आर्गो’ नावाची यंत्रे सोडली. आज ती सुमारे ४,००० आहेत. दर दहा दिवसांनी यंत्र २,००० मीटर खोल जाते, वर येताना तापमान व खारटपणा मोजते आणि उपग्रहामार्फत आकडे धाडते. बहुतेक आकडे चोवीस तासांत इंटरनेटवर येतात, तेही फुकट. भारताच्या यंत्रांचे आकडे हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था सांभाळते. ‘आमचा आकडा आमच्यापाशी’ असे प्रत्येकाने म्हटले असते, तर अंदाजाचे गणित अर्धेच राहिले असते.

आता गावाकडे बघू. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे आम्ही कृषी खात्यातली माणसे सांगतो. पण झाला किती? मंडळाचा आकडा मोबाईलवर मिळतो, बघतो कोण? मग पहिल्या सरीवर तिफण धरायची आणि दुबार पेरणीचा भुर्दंड सोसायचा!

सरपंच, तलाठी भाऊसाहेब, जून ते सप्टेंबर रोज सकाळी मंडळाचा पाऊस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. खडूला खर्च तो किती? आणि शेतकऱ्यांनो, फळा वाचूनच बियाण्याची पिशवी फोडा.