आरोग्यचर्चा : डाग कोठें उठला आहे?

मुलाच्या अंगावर कांहीं उठलें कीं, आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो तो 'हें काय उठलें?' हा, आणि त्याचें उत्तरही घरांतच तयार असतें. आजीबाई म्हणतात उष्णता पडली, काकू म्हणतात जंत झाले असतील, आणि घरांतील शिकलेलें कोणीतरी औषधांच्या दुकानांतून मलमाची नळी घेऊन येतें. आमची या महिन्याची विनंती एवढीच कीं, 'काय' याच्या आधीं 'कोठें' हा प्रश्न विचारावा. खरूज, नायटा, घामोळें हीं नित्याचीं दुखणीं येथें बाजूस ठेवूं. परंतु क्वचित् दिसणारे कांहीं विकार असे आहेत कीं, त्यांत मूळ रोग कातडीचा नसतोच. पोटांत किंवा रक्तांत कांहीं उणें पडलेलें असतें, तें कातडी आपल्या परीनें सांगत असते, आणि पुष्कळदां तें ती डागाच्या जागेवरून सांगते.

पैठण तालुक्यांतील पाचोडकडच्या वाचकांना याचें जवळचें उदाहरण देतां येईल. आज हें गांव मोसंबीच्या बाजारासाठीं ओळखलें जातें. परंतु त्या सबंध टापूचें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत मोडत असे. त्याच हैदराबादेंत १९५८ सालीं कुन्नूरहून पोषणसंशोधनाची सरकारी प्रयोगशाळा आली, आणि तेथें डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी डॉ. श्रीकंठिया यांनीं दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांतील एका रोगाचा शोध चालविला. या रोगाला पेलाग्रा म्हणतात. यांत हातांचे पृष्ठभाग, पाउलें व गळा येथील कातडी आधीं भाजल्यासारखी लाल होते, मग काळी, जाड व खवल्यांची बनते. गळ्याभोंवतीं तर हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. सदऱ्याखालचें अंग मात्र स्वच्छ! जेथें ऊन लागतें तेथेंच डाग. सोबत जीभ लाल होते, जुलाब लागतात, मन खिन्न व चिडखोर होतें.

हा रोग पूर्वीं मक्याचा म्हणून ठाऊक होता. स्पेनमधील कासाल या वैद्यानें १७३५ सालीं तो प्रथम पाहिला. अमेरिकेच्या दक्षिण भागांत तो फार माजला, तेव्हां लोक त्याला संसर्गजन्य समजत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं मिसिसिपी प्रांतांतील दोन अनाथालयांत १९१४-१५ मध्यें मुलांच्या ताटांत दूध, अंडीं व मांस वाढविलें. औषध कांहींच दिलें नाहीं. रोग नाहींसा झाला. उणें काय होतें तें १९३७ सालीं एल्वेहेम यांच्या प्रयोगांवरून निश्चित झालें : नायसिन नांवाचें ब-वर्गांतील जीवनसत्त्व. आपलें शरीर तें प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासूनही तयार करूं शकतें. ज्वारीची गोष्ट निराळी होती. गोपालन व श्रीकंठिया यांनीं १९६० सालीं असें मांडलें कीं, ज्वारींत ल्यूसीन हा दुसरा घटक फार असल्यामुळें या घडामोडींत अडथळा येत असावा. या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु नुसत्या भाकरीवर व चटणीवर राहणाऱ्यालाच हा रोग गांठतो, याविषयीं वाद नाहीं. म्हणून भाकरीला दोष देण्याचें कारण नाहीं. तिच्याबरोबर वरण, शेंगदाणे व दूध-ताक असलें म्हणजे ती उत्तम अन्न आहे. आणि शहरांतून ती ताटांतून हद्दपार झाली याचें आम्हांस वाईटच वाटतें.

येथें वाचक म्हणतील, आमच्या घरीं वरण-तूप-दूध आहे, हा रोग आमच्या मुलांना कशाला होईल? तसा तो मुलांत कमीच आढळतो. परंतु भरल्या घरांतील मुलालाही हाच डाग उठूं शकतो, आणि तेव्हां तो अधिक गंभीरपणें घ्यावा लागतो. १९५६ सालीं लंडनच्या वैद्यांनीं एका कुटुंबांतील मुलांचें असेंच दुखणें वर्णिलें व त्या कुटुंबावरून त्यास हार्टनप असें नांव पडलें. अन्न पुरेसें असतें. पण आंतडें व मूत्रपिंड ट्रिप्टोफॅनसारखे घटक धरून ठेवूं शकत नाहींत. अशा मुलाला उन्हांत डाग येतात, आणि मधूनमधून त्याचा तोल जातो, चालणें झोकांड्या खातें. हा दोष आई व बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो; म्हणून जेथें मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आहे, तेथें त्याचा संभव वाढतो. आपल्याकडे अनेक घरांत ही चाल आहे, हें उघड बोललेलें बरें. उपाय सोपा आहे : नायसिनाचा एक प्रकार व प्रथिनांचा भरपूर आहार. क्षयाच्या औषधांपैकीं आयसोनियाझिड घेत असतांनाही क्वचित् असा डाग उठतो. तेव्हां औषध आपण होऊन थांबवूं नये, डॉक्टरांना दाखवावें.

दुसरी जागा तोंडाभोंवतालची. तान्ह्या मुलाच्या ओठांच्या कडेला, गुदद्वाराभोंवतीं व बोटांच्या टोकांशीं एकाच वेळीं लाल, ओले, खपल्या धरणारे चट्टे आले, जुलाब थांबेनात आणि केस गळूं लागले, तर तें मूल जस्ताला आंचवलें आहे असा संशय घ्यावा. अंगावरचें दूध तुटल्यावर हा विकार सहसा डोकें वर काढतो, कारण आईच्या दुधांतील जस्त त्या मुलाला पचतें व इतर अन्नांतलें पचत नाहीं. नॉर्वेचे डॅनबोल्ट व क्लॉस यांनीं १९४२ सालीं त्याचें वर्णन केलें. पण अशीं बहुतेक मुलें तेव्हां दगावत. १९७३-७४ सालीं लंडनचे डॉ. मोयनाहान यांनीं केवळ जस्त देऊन तीं बरीं होतात असें दाखविलें. थोड्याच दिवसांत चट्टे निवळतात. उपाय मात्र जन्मभर चालवावा लागतो.

या विकारांत एकत्र कुटुंबाची एक विशेष अडचण आम्हांस दिसते. बाळाला न्हाऊं घालते आजी, दूध पाजते आई, लंगोट धुते काकू किंवा मोलकरीण, वेणी घालते आत्या. चट्टे एकीला दिसतात, जुलाब दुसरीला, गळलेले केस तिसरीला. आणि तिघी आपापला उपाय करीत असल्यामुळें तीन खुणा एका ठिकाणीं कधींच जमत नाहींत. डॉक्टरकडे बाळ जातें तें बापाच्या कडेवर, आणि बापाला विचारलें तर तो म्हणतो, 'तोंड आलें आहे'. घरांत टांगलेल्या कॅलेंडरवर ज्या दिवशीं जें दिसलें तें ज्यानें पाहिलें त्यानें लिहून ठेवावें व तें पान काढून बरोबर न्यावें, अशी आमची सूचना आहे. हें काम सूनबाईवर एकटीवर टाकूं नये.

बाकीच्या जागा थोडक्यांत. कोंपर, गुडघे व नितंब येथें बेडकाच्या पाठीसारखे कडक उंचवटे उठणें हें ब-जीवनसत्त्वें व स्निग्धाम्लें यांच्या उणिवेशीं जोडलेलें आहे. करडईच्या तेलांत यांपैकीं लिनोलेइक आम्ल विपुल असतें, हें मराठवाड्यांतील घरांना सांगावयास नको. पायांवर व ढुंगणावर जांभळे ठिपके उठून पोट किंवा सांधे दुखले, तर रक्तवाहिन्यांचा दाह असूं शकतो. ठिपक्यावर कांचेचा पेला दाबून पाहावा. दाबानें तो फिका न पडला आणि अंगांत ताप असला, तर त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें.

राहिला मलमाचा प्रश्न. दुकानांतून आणलेल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें लाली दोन दिवसांत ओसरते, घरचीं माणसें समाधान पावतात, आणि डॉक्टरला वाचावयाची खूण पुसली जाते. सरकारनें २०१८ सालीं अशा अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट लावली आहे. तरी गल्लीच्या दुकानांत चिठ्ठी कोण मागतो, हें आम्हांस ठाऊक आहे.

मानेविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. नऊ-दहा वर्षांच्या गुबगुबीत मुलाची मान व काखा मखमलीसारख्या काळसर दिसूं लागतात, आणि आई डाळीचें पीठ लावून ती मान घांसून घांसून लाल करते. हा मळ नव्हे. रक्तांत इन्शुलीन वाढल्याची ती बहुधा खूण असते. त्या मुलाची साखर व वजन तपासून घ्यावें, आणि मान तेवढी घांसूं नये.